समजूत काढायला येतीलच

१२ मार्च, संध्याकाळ
पोचलो. रिसॉर्ट पार आडबाजूला, बोटीशिवाय रस्ता नाही. पुढे समुद्र, मागे गोल्फचं मैदान, मधे आम्ही: लेक, जावई, नात आणि मी. ही गेल्यापासून घरात एकटाच असतो. ‘बाबा, आता आमच्याकडेच राहायला या,’ हे लेक इथेच विचारणार, माझी खात्री आहे. मी आपण होऊन अवाक्षर काढणार नाही. बापाला काही मान आहे की नाही? पहिल्यांदा विचारलं की ‘बघू’ म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘बरं’.

१३ मार्च
अपमान! जावयाने मला गोल्फच्या क्लासला घातलं. लहान मुलांच्या! शेजारी नात. पहिल्याच फटक्याला बॉल जागेवर, स्टिक तळ्यात. वारा होता. जावई पोट धरधरून हसला. लेक म्हणाली, मनावर घेऊ नका. म्हणजे हीसुद्धा त्याच्याच बाजूची!
रुसलो आहे. दाराला ‘डिस्टर्ब करू नका’ची पाटी लावली. बघून घाबरतील, धावत येतील.

संध्याकाळ
कुणी आलं नाही. जेवणार नाही.
सँडविच मागवलं. अन्नावर राग काढू नये. रिकामी प्लेट बाथटबमध्ये लपवली. मी उपाशी आहे हे दिसलं पाहिजे.

१४ मार्च
कुणी दार वाजवेल तर शपथ! पाटी काय एवढी मनावर घ्यायची असते? मग ठरवलं, राग दिसेल असं वागायचं. बीचवर त्यांच्या छत्रीसमोरून तोंड फुगवून तरातरा गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. जावई ओरडला, बाबा, वॉक झकास चाललाय! डोक्यात तिडीक गेली. हातातलं मासिक वाळूत आपटलं. वेटरने ते झटकून परत दिलं, वर सरबत आणलं. प्यालो. गोड होतं. तरी राग आहेच.

१५ मार्च
बोलणं बंद. नाश्त्याला वेगळ्या टेबलावर बसलो, त्यांच्याकडे पाठ करून. नात बोलवायला निघाली होती. मी विरघळणारच होतो, पण लेकीने तिला मागे बोलावलं. म्हणे, आजोबांना शांत बसू दे. शांत? इथे अंगाची लाही लाही होतेय! बाथटब प्लेट्सनी भरला. अंघोळीची पंचाईत.

१६ मार्च, संध्याकाळ
आली! लेक खोलीत आली. माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. मी ‘बघू’ तयार ठेवलं.
म्हणाली, आई गेल्यापासून जीव टांगणीला होता. तुमच्यासाठी मागची खोली रिकामीसुद्धा करून ठेवली होती. विचारायला धीर होत नव्हता. पण इथे पाहिलं, तुम्ही एकटे किती मजेत असता! आमचीच अडचण होते तुम्हाला. आता काळजी मिटली. त्या खोलीत जावई व्यायामाची सायकल ठेवणार आहे. आणि मला सरप्राइज: ते उद्या निघतायत, माझं बुकिंग रविवारपर्यंत वाढवलंय.
अगं, मला यायचंय, हे अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, सायकल चांगली, गुडघ्यांना बरी.

१७ मार्च
सकाळी बोट गेली. नात बराच वेळ हात हलवत होती. मीही हलवला. परत आलो तर वेटरने एकच ताट मांडलेलं. त्याच्यावर उगाच खेकसलो.
सगळ्यांचा भयंकर राग आलाय. आपण होऊन फोन करणार नाही म्हणजे नाही. एव्हाना लेकीला कळलं असेलच.