हरिओमच्या बिअरला चार गुण

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाटल्या आल्या! हरिओम स्वतः घेऊन आला पुण्याहून. म्हणाला, सासऱ्यांचा डोळा बघायला आलोय. डोळा बघितला दोन मिनिटं, आणि बाटल्या फ्रिजमध्ये लावायला अर्धा तास! संध्याकाळी परत गेलासुद्धा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून मी इथं परभणीला येऊन बसलेय. डोळ्यात वेळेवर थेंब टाकणारं या घरात दुसरं कोणी धड नाही.

आणि तिकडं माझ्या नवऱ्याची पहिली स्वतःची बिअर तयार. आयपीए — कडू आणि सुवासिक, ज्यात कारखान्याची खरी परीक्षा असते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कृतीवर हमाली केली, आता ही त्याची. त्यातली ज्वारी बाबांच्या चुडाव्याच्या शेतातली. बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलेत.

आम्ही दोघं ज्या बिअर-कारखान्यात आहोत, तिथले मालक दिनकरराव यांचा नियम सगळ्यांना सारखा. चव तपासणाऱ्या दैवशालाबाईंनी, म्हणजे मी, दहापैकी सातच्या खाली गुण दिले की टाकी गटारीत, मग ती नवऱ्याची का असेना. हा नियम झाला तो माझ्यामुळेच. मागं एकदा सगळे वा वा करत होते, तेव्हा मी एकटीनं सांगितलं होतं की पाइपात कुठंतरी रबर सडलंय. खोललं तर सडलेलंच! तेव्हापासून माझ्या जिभेपुढं कोणी बोलत नाही. बरंच आहे.

आई एवढंच म्हणाली, भाजीच्या कप्प्यात ठेवू नको, कोथिंबिरीला वास लागंल. दारूचं आमच्या घरात कोणाला नवल नाही. आणि मी पीत नाहीच. घोट तोंडात फिरवते, थुंकते. लोक म्हणतात, बिअर गिळल्याशिवाय कळत नाही. त्यांना कळत नसेल.

२९ नोव्हेंबर

सकाळी, चहाच्या आधी. जीभ कोरी असते तेव्हाच चाखायची.

रंग — काकवीत पाणी घातल्यासारखा. फेस पांढरा, दाट, सावकाश बसणारा. आणि वास! ग्लास नाकाशी नेला आणि हसूच आलं मला. मोसंबीची साल नखानं खरवडावी तसा, त्याच्या मागून पिकलेला पेरू. शाब्बास रे गड्या! मनातल्या मनात आठ देऊन टाकले.

घोट घेतला. आधी ज्वारीची गोडी. मग कडू — पण चांगलं कडू, आईच्या कारल्याच्या काचऱ्यांसारखं, परत मागून खावंसं. आणि शेवटाला लोखंड! नळाची तोटी चाटल्यासारखं. चूळ भरली, परत घेतला. लोखंडच.

चार. शेवट खराब म्हणजे सगळं खराब. माणूस शेवटाचीच चव घेऊन घरी जातो.

बाबा काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. माझ्या ज्वारीला किती दिले, म्हणून विचारलं. चार, म्हटलं. चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "दहापैकी चारात पास होतंय का?"

३० नोव्हेंबर

हरिओमचा फोन. तिथं चौघांनी चाखली, लोखंड कोणालाच लागलं नाही म्हणे. मी म्हटलं, त्या जिभा नाहीत, चपला आहेत. तो चिडला असता तर बरं झालं असतं, मस्त भांडलो असतो. पण हा म्हणतो, तू म्हणतीस तर असंल. पाणी तपासायला देतो, टाकीची आतली बाजू बघतो. त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नवरा आहे म्हणून गुण वाढवायचे? तसले धंदे मी करत नाही.

१ डिसेंबर

आईच्या मेथीच्या भाजीलाही लोखंड! म्हटलं, ही कढई काढून टाक, भाजीत उतरायलीय. आई म्हणाली, तुझ्या जन्माच्या आधीपासून हीच हाय, आजवर न्हाई उतरली. आणि माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

कढई जुनी झाली की उतरतेच. मी काय खुळी आहे का?

२ डिसेंबर

माझ्या धाकट्या भावानं, बिरदेवनं, डोक्याचं तेल बदललं वाटतं. घरात शिरला की मला मळमळतं. त्याला सांगितलं, तर म्हणतो, अक्का, शाळेपासून हेच तेल लावतो. असेल. नाक दिवसेंदिवस जास्तच तिखट होत चाललंय माझं. आता दिनकररावांकडं पगारवाढ मागायला हरकत नाही!

४ डिसेंबर, गुरुवार

आज दुसऱ्यांदा चाखली. या वेळी पक्का बंदोबस्त. चूळ भरायला बोअरचं पाणी नको म्हणून विकतचा जार आणवला. ग्लास नवे. आदल्या दिवसापासून कांदा, लसूण, मसाला बंद. मेथीच्या त्या कढईचं तर नावच काढलं नाही.

वास तसाच देखणा. कडूपणा तसाच. आणि शेवटाला परत तेच, उलट वाढलंय. साडेतीन! दिनकररावांना कळवून टाकलं. त्यांनी लगेच ठरवलं — सोमवारी टाकी सोडायची, आणि हरिओमनं पुन्हा बाटल्या भरायच्या खात्यात जायचं.

संध्याकाळी हरिओमनं विचारलं, थोडे दिवस तशीच ठेवून बघायची का? मी त्याला स्पष्ट सांगितलं, आयपीए ही ठेवायची चीज नाही. ताजी असतानाच प्यायची, दोन-तीन महिन्यांत वास मरतो. आणि लोखंड काही ठेवून जात नाही. सोड ती.

"बरं," म्हणाला. एवढंच.

उरलेल्या बाटल्या बिरदेवनं त्याच्या मित्रांत संपवल्या. येऊन मला म्हणतो, अक्का, लय भारी हाय. म्हटलं, तुला पेट्रोल दिलं तरी भारी म्हणशील. एक बाटली मात्र मी फ्रिजमध्ये मागं सरकवून ठेवली. कशाला, काय माहीत.

५ डिसेंबर

आईनं आज माझ्या हातातली पपईची फोड काढून घेतली. थंडीत नको, म्हणे! लहानपणी थंडीत आख्खी पपई खाल्लेली चालत होती.

७ डिसेंबर, रविवार

आईशी भांडले. लय भांडले.

अंघोळ झाल्यावर तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. पाट मांडलेला. ताटात हिरवा खण, गहू, नारळ, हळकुंडं. मला वाटलं, मी बुधवारी निघणार म्हणून आधीच ओटी भरायलीय. बसले. मग तिनं दाराला आतून कडी घातली आणि आवाज खाली घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला — चोरचोळी! तिसरा महिना लागलेल्या बाईची घरातच गुपचूप भरतात ती. कोणाला सांगायचं नसतं, बाहेरच्यांची दृष्ट लागते म्हणून.

मी ताडकन उठले. ताट कलंडलं, गहू सगळ्या फरशीवर.

लग्नाला नऊ वर्षं झाली. पुण्यातले डॉक्टर झाले, औषधं झाली, इंजेक्शनं झाली. मग एक दिवस हरिओम आणि मी जेवताना ठरवलं — बास. हा विषय आता आपल्या घरात नाही. पाळीचं माझं गणित कधीच धड नव्हतं, कॅलेंडर बघणंसुद्धा सोडून दिलं मी. त्या दिवसानंतर मी नीट जगायला लागले. आणि हिनं परत पाट मांडावा? मी म्हटलं, आई, माझं शरीर मला कळतं. या जिभेवर मी पोट भरते. मला नाही कळणार?

आई खाली बसून गहू गोळा करायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दैवशाला, लोखंड त्या बाटलीत न्हाई माय. तुझ्या येळंला मला पाणी बी पितळंवानी लागायचं."

मी कडी काढून बाहेर आले. बाबांच्या डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली होती. नेम चुकला, थेंब गालावर पडला. बाबांनी विचारलं, रडायलीस का? म्हटलं, थेंब तुमच्या गालावर आहे, माझ्या नाही.

भीती वाटतेय. नसलं तर ते परत सगळं पहिल्यापासून. आणि असलं तर — मग मी हरिओमचं काय करून बसले?

उद्या टाकी सोडणार. दोनदा फोन हातात घेतला. काय सांगू त्याला? आईनं ताटात खण ठेवला म्हणून थांब? आशेवर गुण बदलत नसतात. नाही केला फोन.

८ डिसेंबर, सोमवार

दोन रेघा. किट पार स्टेशनजवळच्या मेडिकलमधून आणलं, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. परत एक आणलं. परत दोन रेघा.

हरिओमला फोन लावला. आधी टाकीचंच विचारलं. सकाळीच सोडली, म्हणाला. तू म्हणालीस म्हणून. गटारीतूनसुद्धा मोसंबीचा वास येत होता म्हणे. मग मी दुसरं सांगितलं. तिकडं टाकी धुवायच्या नळीचं पाणी बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दैवा, म्हणजे तू चुकलीस?" हो, म्हटलं. "पहिल्यांदाच ना गं?" आणि रडायलाच लागला, आणि मीही.

शेवटची बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. बुधवारी मला न्यायला येणार आहे तो, तेव्हा त्यानंच उघडावी. गुणही त्यानंच द्यावेत. बाबांना सांगितलं, ज्वारी पास झाली, परीक्षक नापास. त्यांना काही कळलं नाही, पण लय खूश झाले.

आईनं गहू पाखडून परत ताटात घेतलेत. पाट मांडून बसलीय. दार लावून घ्यायला चाललेय.