सत्काराच्या दुसऱ्या दिवशी

कोपर, गुरुवार
फाल्गुन, १९५६

प्रिय आनंदा,

मोटारीतून फिरणाऱ्या माणसाला ताईचं पत्र वाचायला सवड कुठली! म्हणून हे भिवाच्या हाती ठाण्याला पाठवतेय. त्याला बजावलंय, मामाचं वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. तेव्हा भाच्याला ताटकळत ठेवू नकोस, लगेच वाच. अक्षर वेडंवाकडं आहे, पण पाटीवर ते तूच गिरवून घेतलंस, तेव्हा नावं ठेवायची सोय नाही तुला.

आनंदा, तुझा मला फार अभिमान आहे रे. शहाडच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलास तेव्हा आईने घरोघर साखर वाटली होती. आज तू उद्योग मंडळाचा अध्यक्ष, तुझ्या एका शब्दावर माळावर कारखाने उभे राहतात. आपल्या गावची पोरं डबे घेऊन शहाडला जातात ती तुझ्यामुळे, माझा भिवासुद्धा. पेपरातला तुझा फोटो मी भिंतीला डकवलाय. काल ह्यांनी तो काढायला सांगितला. मी नाही काढला. तेव्हापासून घरात अबोला आहे, जेवायला वाढलं तरी मान वर करत नाहीत.

पौषात गावाने तुझा सत्कार केला, आठवतंय ना? गळ्यात हार, पंगतीत पहिलं पान तुझं. भात कालवता कालवता तू विचारलंस, मिठागरांवर भराव टाकून मोठा कारखाना आणतोय, सगळ्यांना मान्य आहे ना म्हणून. सगळे होय होय म्हणाले, आणि तू खूश! अरे शहाण्या, पानावर बसलेल्या पाहुण्याला आपल्या गावात कधी कुणी नाही म्हटलंय का? त्याच्या घशाखाली घास उतरेल का मग? खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी, गावदेवीपुढे बसून सांगायचं. बाबा बोट धरून न्यायचे तुला त्या बैठकीला. पण तू हात धुतलेस, मोटारीत बसलास आणि गेलास. सकाळी सगळा गाव देवळापुढे जमला, तुझ्यासाठी जागा राखून बसला. ऊन डोक्यावर आलं तरी तुझा पत्ता नाही. मग एकेक जण उठला आणि नको म्हणाला. गावाचा तो नकार सांगायला हे तुझ्या कचेरीत गेले, तर साहेब कामात आहेत म्हणून दिवसभर बाकावर बसवून परत पाठवलं. तुझ्या सख्ख्या भावोजींना! तुला कळलंही नसेल, पण गावाला ते कोण पटवून देणार?

आता म्हणे मिठागरं मोडायला सोमवारी तू खाडीचा बांध फोडणारी माणसं आणतोयस, सोबत पोलीसही. मीठ ऐन पिकायला आलंय आनंदा. खोऱ्याने ओढणारे हात तेच, पण जो तो दुसऱ्यावर खेकसतोय. बापे माणसं कोयते घासून बसलीत. तुझं नाव निघालं की माझ्याकडे पाठ फिरवतात. पाणवठ्यावर परवा बायजा तोंडावर म्हणाली, तुझा भाऊ आमचं मीठ खाऊन मोठा झाला. तिकडे तू, इकडे हे, आणि पोलिसांच्या हातात बंदुका.

कारखाना आणूच नकोस असं मी म्हणत नाही, भिवाची भाकरी त्याच्यावर आहे. पण रविवारी सकाळी ये. एकटा, पायी ये, देवळापुढे बस आणि लोकांचं नाही ऐकून घे. त्यातून काही वाट निघेलही. तुला यायचंच नसेल, तर ज्यासाठी हे लिहायला बसले ते आता सांगते. सोमवारी बांधावर बापे नसतील. कोयते घरात ठेवायला लावलेत. पोलीस बायकांवर हात टाकायला कचरतील, म्हणून गावातल्या सगळ्या बायका बांधावर बसणार आहेत. ही युक्ती माझी, आणि सगळ्यांत पुढे मीच बसणार आहे. तिथे कुणाला सांगू नकोस, ही माझी बहीण आहे, हिला तेवढं सोडा म्हणून. सांगितलंस तरी मी उठणार नाही.

तुझीच,
सगुणाताई