शिडी, इस्त्री आणि तुमचा मेहुणा

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणे पूर्वीइतके खाली जात नाही. उरलेले मनाने वाकलो असे धरावे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. नक्की काय आहे ते माझे मलाच समजलेले नाही. फोनच केला असता, पण तुमचा फोन वहिनी उचलतात आणि वहिनींना सांगितलेले संध्याकाळच्या आत तुमच्या बहिणीच्या कानावर येते. म्हणून हे पत्र. तेही घरून नव्हे, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याच्या कापायच्या टेबलावरून लिहितो आहे. मी भरदुपारी इथे काय करतो आहे, तेच तर सांगायचे आहे.

तर झाले असे, की आमच्या इमारतीने चांगले वागायचे ठरवले. तळमजल्यावरच्या बाई (शाळेत भूगोल शिकवायच्या, अजूनही समोरच्याला तिसऱ्या बाकावरचा समजूनच बोलतात) कुठल्याशा व्याख्यानाला गेल्या आणि आल्या त्या पेटूनच आल्या. माणसांनी पृथ्वीवर फार पसारा केला आहे, एकाच जिन्यावर इतक्या इस्त्र्या आणि इतक्या शिड्या कशाला, आपण शेजाऱ्यांनी मिळून काही सामायिक मूल्ये ठरवू आणि पाळू, असे त्यांनी सांगितले. कोणी विरोध केला नाही, कारण मूल्ये म्हणजे नेमके काय हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. मग सायकलींची खोली रिकामी करून तिथे रॅक लावले, दाराला एक फळा टांगला. घरात जे नुसते पडून असेल ते तिथे आणून ठेवायचे, फळ्यावर नोंदवायचे. ज्याला लागेल त्याने पुढे आपले नाव, वार आणि काम लिहून न्यायचे. नवीन काही विकत घ्यायचे नाही. इथपर्यंत माझ्या डोक्यात सगळे लख्ख होते.

नियम करायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. आयुष्यभर कारखान्याचे स्टोअर सांभाळलेला माणूस इमारतीत दुसरा कोण आहे? मी भाषणही केले. (मूल्यांवर काय बोलायचे ते सुचेना. ही म्हणाली, जे येतं ते बोला. म्हणून स्टोअरवर बोललो.) पडून राहिलेला माल म्हणजे मेलेला माल, असे मी ठणकावून सांगितले. नेलेली वस्तू पुसून, शक्य तर दुरुस्त करून परत करावी, हा नियम केला. आणि शिंप्याने दिलेली शिडी दुसऱ्याच दिवशी तो परत मागायला आला तेव्हा, मूळ मालकाला कसलाही खास हक्क नाही, त्यानेही फळ्यावर नाव लिहून पाळीची वाट बघावी, हा नियम तर मी जागच्या जागी केला. टाळ्या पडल्या. शिंप्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. ही पहिल्या रांगेत बसून फार लक्ष देऊन ऐकत होती. इतके लक्ष देऊन तिने मला लग्नानंतर कधी ऐकलेले आठवत नाही, त्यामुळे मी जरा फुशारलोही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा बघायला गेलो. शिडी, इस्त्री, शिवणयंत्र, आणि त्याखाली तुमच्या बहिणीच्या वळणदार अक्षरात: “एक गृहस्थ. चालू स्थितीत. दुपारी उपलब्ध. शिडी धरतो, रांगेत उभा राहतो, ऐकून घेतो (डाव्या कानाने कमी).”

दादा, मी तो मजकूर चष्मा पुसून दोनदा वाचला. आधी वाटले थट्टा असेल. पण त्यापुढे शिंप्याने आपले नाव लिहून टाकले होते!

तेव्हापासून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे. मुळात मी कुठल्या सदरात मोडतो? हत्यारांत धरावे तर मला धार नाही. फर्निचरमध्ये धरावे (बाईंचा तसा आग्रह होता), तर मी जिने चढतो. शिंप्याकडे मी कापड ताणून धरतो आणि तो शिडीचा सूड म्हणून मला तासन् तास उभा करतो. पण जाताना नियमाप्रमाणे दुरुस्त करून परत पाठवतो; माझ्या सगळ्या विजारींच्या उसवलेल्या शिवणी आता त्याने फुकट घालून दिल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून येतात, त्यांना दिवसा झोप हवी असते, म्हणून त्या मला आपल्या वडिलांपाशी बसायला नेतात. ते जहाजावर इंजिन सांभाळायचे. तेही कानाने कमी, मीही कमी, त्यामुळे आमचे कशावरच भांडण होत नाही. ते वादळाची गोष्ट सांगतात, मी गोदामाला लागलेल्या आगीची सांगतो, आणि दोघेही दुसऱ्याचे संपायची वाट बघतो. परवा तिथे रंगकाम होते, तर निघताना नर्सबाईंनी ओल्या फडक्याने माझे तोंड पुसले आणि मगच मला जिन्यात सोडले. काय बोलणार, नियम माझाच.

संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा मी इतका दमलेला असतो, की जेवतो आणि झोपतो. पूर्वी सोफ्यावर पडल्या पडल्या डोळा लागत नसे, आता जिन्यातच जांभया सुरू होतात. हे चांगले की वाईट, तेही मला ठरवता आलेले नाही.

पण खरा गोंधळ पुढेच आहे. फळ्यावर माझ्यापुढे सगळ्यांची नावे येतात. बाईंचे येते, नर्सबाईंचे येते, त्या शिंप्याचे तर येतेच येते. एका माणसाचे येत नाही. धूळ पुसायच्या निमित्ताने मी रोज जाऊन बघतो. वाईट वाटते हो, दादा. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाची बिजागरी गुपचूप ढिली करून ठेवली. दार लोंबायला लागले की हिला माणूस लागेलच, अशी माझी अटकळ. हिने खाली जाऊन फळ्यावर नाव लिहिले, स्क्रूड्रायव्हर आणला आणि स्टुलावर चढून दार घट्ट बसवले. म्हणजे स्क्रूड्रायव्हर रीतसर आमच्या घरी येऊन गेला, आणि मी त्या वेळी वरच्या मजल्यावर वादळात होतो.

मग मात्र मी विचारले. फार साध्या शब्दांत विचारले, की मला त्या फळ्यावर का लिहिलेस. ही भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना, पडून राहिलेला माल मरतो म्हणून. आणि तुम्ही त्या सोफ्यावर कसे पडलेले असायचात, ते मी रोज बघत होते.” आणि एकदम आत निघून गेली. आता याचा अर्थ काय घ्यायचा? मी तिला माल वाटलो, की सोफा अडत होता? शिवाय बोलताना तिचा आवाज जरा कसासाच झाला होता. सर्दी असेल. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्हाला कळले तर मला कळवा.

तर विनंती अशी, की येत्या गुरुवारी दुपारी खोलीत सभा आहे, आणि माणसाला वस्तूंच्या यादीत ठेवावे की काढावे यावर मत घ्यायचे आहे. तुम्ही बाहेरचे, वयाने मोठे, आवाजही भारदस्त. तेव्हा येऊन चार शब्द सुनावावेत, की मूल्ये मूल्यांच्या जागी आणि मेहुणे मेहुण्यांच्या जागी. गुडघ्याला त्रास असेल तर सांगा, जिन्यात धरायला माणूस मिळतो. (तो मीच.)

वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांना दाखवू नये.

आपला,
(सध्या बऱ्याच जणांचा)
मेहुणा

ता. क. सभेचे जाऊ द्या. तिथे कोणीही बोलेल. खरे काम वेगळे आहे. आलात की सहज बोलता बोलता तुमच्या बहिणीला एवढेच सुचवा, की बाई गं, कधीतरी तूही फळ्यावर नाव लिहीत जा. मी सांगितले म्हणून सांगू नका.

दुसरा ता. क. (पाकीट चिकटवल्यावर मागच्या बाजूला लिहितो आहे, पोस्टमनने कृपा करून वाचू नये.) टपालात टाकायला खाली आलो तर फळ्यापाशी बाई ताटकळत उभ्या होत्या. गुरुवारच्या दुपारपुढे हिचे नाव आहे. कामाच्या रकान्यात आधी “काही नाही” असे लिहिले होते. काम लिहिल्याशिवाय माल मिळणार नाही, असे बाईंनी नियमावर बोट ठेवून सुनावले, तेव्हा हिने ते खोडून “सोबत बसायला” असे लिहिले. बाई मला विचारत होत्या, की नियमात हे बसते का. मी म्हणालो, बसते.

तेव्हा दादा, गुरुवारी येऊ नका. मी मोकळा नाही.