गुडघ्याचा आवाज

अहो,

तुम्ही गेल्यावर मी गुडघ्याचं करून घेतलं. रागावू नका. डॉक्टरीणबाईंनी माझ्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढल्या आणि गुडघ्यात सोडल्या. "गुण येईलच असं नाही," म्हणाल्या. पण आला.

आता जिना चढताना गुडघा दुखत नाही आणि वाजतही नाही. तुम्हीच चेष्टा करायचात, "गुडघा बरा झाला तर तू आलीस हे मला कळणार कसं?" वरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसायचात. जिन्यावर कट्‌कट् ऐकू आलं की मान वर न करता म्हणायचात, "ठेव तिथे." चहा निवून जायचा.

काल दुपारी मी खाली भांडी घासत होते. घरात एकटीच. तेवढ्यात जिन्यावरून कट्‌कट् करत कुणीतरी वर गेलं. प्रत्येक पायरीवर थांबत, अगदी माझ्यासारखं. मग तुमच्या खोलीतून आवाज आला, "ठेव तिथे."

अंगावर काटा आला, पण खरं सांगू? संताप जास्त आला. ओल्या हातांनी धावत वर गेले. धावता येतं आता. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर चहाचा कप वाफाळत होता.

"अहो, मी आलेय," म्हटलं.

खुर्ची कुरकुरली. गिऱ्हाइकाला विचारावं तसं तुम्ही विचारलंत, "कोण आपण?"

हे पत्र वर आणून ठेवायचा धीर होत नाही. आधी ती कट्‌कट् करत वर गेली ना, तिच्याच हाती पडेल. तिला बायको समजू नका हो. ते नुसतं माझं दुखणं आहे.

तुमचीच,
खालच्या मजल्यावरून