कोपरावर ठेवलेला अंगठा

बाई, आज मंगळवार आहे, दुपारचा एक वाजून गेलाय आणि मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सूपचा वाडगा समोर ठेवून बसले आहे. बर्मिंगहॅममधल्या ज्या हॉस्पिटलात मी एकोणीस वर्षं लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते, तिथेच आज साडेतीनला माझ्या मुलीच्या उजव्या कोपराचा एक्स-रे आहे. ती चौदा वर्षांची आहे. शाळा सुटली की बसने येईल. घरच्या माणसाचा फोटो आपण काढायचा नसतो, त्यामुळे शेजारच्या खोलीतली माझी सहकारी तो काढेल आणि मी बाहेर इतर आयांसारखी खुर्चीत बसेन. माझी पाचावर धारण बसली आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. शाळेतल्या माझ्या खो-खोच्या बाई तुम्ही, आणि मिरज सोडल्यावर मी तुम्हाला साधं पोस्टकार्डही टाकलं नाही, आणि आज लिहायला मात्र तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचेना.

मुलगी बेसबॉल खेळते. तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतंत, एकजण फेकतोय आणि बाकीचे उभे राहून बघतायत, हा कुठला खेळ, म्हणून. मलाही तसंच वाटायचं. इथे तो फारसं कोणी खेळतही नाही. शाळेत राउंडर्स नावाचा बॅट-बॉलचा खेळ खेळताना हिनं लांबून फेकलेला चेंडू एका शिक्षिकेनं पाहिला, क्लबचा पत्ता दिला, आणि तेव्हापासून आमचे शनिवार-रविवार गेले ते गेलेच. फुटबॉलच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रेघा मारून खेळायचं. मुलामुलींचा मिळून एक संघ, त्यात ही एकटी मुलगी, आणि तीच पिचर, म्हणजे फेकणारी. कोच एरवी लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो. दोन वर्षांपासून टूर्नामेंटसाठी गावोगाव फिरणं चाललंय, कधी केंब्रिज, कधी ग्लासगो. मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या नेते आणि संघातली पोरं त्या क्रिस्प्ससारख्या, म्हणजे आपल्या वेफर्ससारख्या, उभ्याउभ्या फस्त करतात. लोक म्हणतात, तुमची मुलगी प्रॉमिसिंग आहे. हा शब्द ऐकला की मी विषय बदलते, कारण तुम्हीही माझ्या बाबांना मराठीत हेच सांगितलं होतंत.

आणि मला जरा जास्तच माहीत आहे, हाही एक ताप आहे. या वयात हाड पुरतं भरलेलं नसतं. कोपराच्या आतल्या बाजूला एक कोवळी जागा असते, फेकून फेकून ती ओढली जाते, कधी सुटते. असे फोटो मी पाहिलेत. म्हणून तर या मुलांनी एका दिवसात किती चेंडू टाकायचे याची मर्यादा ठरलेली आहे, आणि आमच्या संघात ते मोजायचं काम माझ्याकडे आहे. बोटात अडकवायचं एक लहानसं क्लिकर असतं, चेंडू सुटला की एकदा दाबायचं. समोरच्या संघाकडूनही कोणीतरी मोजत असतं आणि प्रत्येक इनिंगनंतर दोघांनी आकडे जुळवायचे. मी एकदाही चुकले नव्हते. कोच मला म्हणायचा, "यू'र बेटर दॅन द अंपायर, बॅब." बॅब म्हणजे आपलं 'बाळ', इथे चाळिशीच्या बाईलाही म्हणतात.

तुम्ही मोजत नव्हतात. तुमच्याकडे अंगठा होता. सामन्याआधी आम्हा खो-खोच्या मुलींना ओळीनं पायरीवर बसवायचात, साडीचा पदर खोचून, पायात ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून समोर उकिडव्या बसायचात, आणि एकेकीच्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबायचात. नजर मात्र गुडघ्याकडे नसायची, तोंडाकडे असायची. एकदा मी शहाणपणा करून विचारलं, बाई, दुखतंय का असं सरळ विचारत का नाही? तुम्ही म्हणालात, "विचारलं की खोटं बोलायची सोय होते गं." मग पोटरीवर एक चापट आणि "चल, पुढची." ती चापट बसली की आम्ही सुटलो. कोणी जरा डोळा मिचकावला, ओठ चावला, की तिला त्या दिवशी मैदानाबाहेर बसून चिंचा खाव्या लागायच्या. किती जणींनी रडून गोंधळ घातला, तुम्ही ढिम्म हलला नाहीत.

कोल्हापूरच्या सामन्याआधी माझा गुडघा तीन आठवडे दुखत होता. खांबाजवळ सूर मारून गडी टिपणं हे माझं काम, आणि प्रत्येक सुरागणिक आत काहीतरी चमकत होतं. तिथे राज्याच्या संघाची निवड व्हायची होती आणि आपल्या शाळेची एकही मुलगी तोवर त्या संघात गेली नव्हती. मी काय केलं ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. रोज संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावून, आरशासमोर स्टुलावर बसून, मी स्वतःच्या गुडघ्यावर अंगठा दाबत असे आणि तोंड हलू द्यायचं नाही याचा सराव करत असे. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभरात चेहरा अगदी भिंतीसारखा झाला. वर तुम्हीच दिलेली नी-कॅप होती. माझ्या वाढदिवसाला तुम्ही ती स्टेशनजवळच्या दुकानातून आणली होतीत, सूज झाकायला ती फार कामाला आली.

कोल्हापूरला तुम्ही ती नी-कॅप काढायला लावता. अंगठा दाबता. मी तुमच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघते आणि चेहरा भिंतीसारखा ठेवते. तुम्ही जरा जास्त वेळ बघता. मग ती नी-कॅप पुन्हा माझ्या पायात चढवता, दोनदा वर ओढून नीट बसवता, एकवार निवडकर्त्यांच्या टेबलाकडे पाहता, आणि उठता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या डावात सूर मारला तो शेवटचा. दवाखान्यात तुम्ही बाबांना म्हणालात, "चूक माझी आहे. तिला बोल लावू नका." बाबा म्हणाले, "अहो बाई, तुमची कसली चूक? कार्टीच द्वाड आहे." मी चादर तोंडावर ओढून घेतली. पाय गेला होता, खेळ गेला होता, पण बाईंना फसवलं याचा एक कोपऱ्यात गर्वही होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षी तुम्ही संघ सोडलात आणि भूगोलाचे तास घ्यायला लागलात. त्याचं ओझं मी एवढी वर्षं बाळगलं. वाटायचं, माझ्या त्या आरशापायी एका चांगल्या बाईचा स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास उडाला.

आता परवाचा रविवार ऐका. ग्लासगोला टूर्नामेंट होती आणि त्या दिवशी सेमीफायनल. देशाच्या पंधरा वर्षांखालच्या संघासाठी मुलं हेरायला एक गृहस्थ येणार होते, ही बातमी शुक्रवारपासून सगळ्या पालकांत फिरत होती. सकाळी हॉटेलात ब्रेकफास्टला माझी लेक डाव्या हातात चमचा धरून सीरियल खात होती. मी म्हटलं, हात दे. ती म्हणाली, "आई, इट्स फाइन. दुखत नाहीये, आय स्वेअर." मी विचारलंही नव्हतं. बाही वर सारून मी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, आणि नजर वर नेली.

तिचा चेहरा हललाच नाही. ज्याचं दुखत नसतं तो माणूस अंगठा दाबल्यावर काहीतरी करतोच, हसतो, वैतागतो, काय करतेस म्हणतो. इतकं स्थिर फक्त तेच तोंड राहतं ज्यानं त्याचा सराव केलेला असतो. ती माझ्या कपाळाकडे बघत होती. खाण तशी माती, दुसरं काय. त्याच क्षणी हे थांबवायला हवं होतं. मी तिची बाही खाली ओढली, पुन्हा एकदा ओढून नीट केली, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. कार पार्कमध्ये ते गृहस्थ डिकीतून आपली घडीची खुर्ची काढत होते.

बाही माझ्या चिमटीतच होती, तेव्हा मला तुमचे हात आठवले. ती नी-कॅप. दोनदा वर ओढलेली. निवडकर्त्यांच्या टेबलाकडे गेलेली तुमची नजर. त्या दिवशी पोटरीवर चापट बसली नव्हती, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ते सगळं माया म्हणून आठवणीत ठेवलं होतं. बाई, तुम्हाला कळलं होतं. तुमचा अंगठा चुकला नव्हता. तुम्हीही एक मुलगी राज्याच्या संघात जाताना बघायला टपला होतात, आणि दवाखान्यात तुम्ही जे म्हणालात ते शब्दशः खरं होतं. मला तिथे, त्या टोस्टच्या वासात, तुमचा भयंकर राग आला. आणि तो राग मनात ठेवूनच मी मुलीला म्हटलं, "चल, उशीर होतोय."

ती तीन इनिंग खेळली. छान खेळली, तेच तर. प्रत्येक चेंडूला मी क्लिकर दाबत होते आणि मला त्या आतल्या कोवळ्या जागेचा काळापांढरा फोटो दिसत होता. तिसऱ्या इनिंगनंतर तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडलं आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिला. तेव्हा कुठे माझा धीर सुटला. सरळ कोचकडे जाऊन तिचा हात दुखतोय म्हणून सांगावं, तर ते गृहस्थ चार पावलांवर वही घेऊन बसलेले. तिनं मला जन्मभर माफ केलं नसतं. मी काय करावं? रेनकोटच्या खिशात हात घातला आणि क्लिकर दाबत सुटले. अकरा वेळा. मर्यादेचा आकडा आल्यावर थांबले, बाहेर काढून कोचला दाखवलं. समोरच्या संघातल्या एका बापाचा आकडा माझ्याहून बराच कमी होता, पण आमची पिचर बाद होत असेल तर त्याला माझा आकडा गोडच लागणार होता. "इफ शी सेज सो," म्हणाला. कोचनं हिला काढलं आणि आम्ही सामना हरलो. ते गृहस्थ खुर्ची मिटून दुसऱ्या मैदानाकडे गेले.

ग्लासगोहून बर्मिंगहॅम पाच तासांची वाट. नवरा घरी धाकट्यापाशी होता, गाडीत आम्ही दोघीच. ती मुद्दाम मागे बसली. अर्ध्या वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हमरस्त्यावरच्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर थांबलो, चिप्स घेतल्या, आणि ती पहिल्यांदा बोलली. "माझे इलेव्हन बाकी होते. मी पण काउंट करते, आई."

"चुकलं असेल माझं."

"तू कधी मिसकाउंट नाही करते." मग बराच वेळ चिप्सवर व्हिनेगर टाकत राहिली, डाव्या हातानं, आणि रडायला लागली. "सॉरी. ते दुखतो. खूप दुखतो."

"कधीपासून?"

"सिन्स ईस्टर."

बाई, ईस्टर होऊन दोन महिने झाले. दोन महिन्यांत आम्ही पाच टूर्नामेंट फिरलो, आणि प्रत्येक सामन्यात क्लिकर माझ्या हातात होतं. डोळे पुसून तिनं विचारलं, "सकाळी तू प्रेस केलं ना, देन डिड यू नो?" मी म्हटलं, चल, ट्रॅफिक वाढेल. आणि गाडी सुरू केली. काल जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, कोपर बघितलं आणि एक्स-रे लिहून दिला. मी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघत होते. तोही भिंतीसारखाच होता.

आता तीन वाजून गेलेत, सूपवर साय धरली आहे. फोटोत काय येईल याची मला इतकी भीती वाटते आहे की मी देवाशी घासाघीस चालवली आहे, नुसती सूज निघू दे, नुसता ताण निघू दे. जर ती जागा सुटलेली निघाली, तर ती ईस्टरपासून सुटली की रविवारच्या तीन इनिंगमध्ये, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. माझा धंदाच हा, म्हणून सांगते. तारीख फोटोवर कोपऱ्यात छापलेली असते, हाडावर नसते.

तुमच्यावरचा राग तेवढा गेला. तुम्ही निदान बाबांसमोर उभं राहून बोललात, आमचाच विश्वास बसला नाही. हा कागद कुठे टाकायचा नाही, तुमच्यापर्यंत टपाल जात नाही, तो माझ्या गणवेशाच्या खिशात राहील. काचेतून बसस्टॉप दिसतोय. ती उतरली आहे, दप्तर डाव्या खांद्यावर आहे, आणि ती रस्ता ओलांडायला थांबली आहे. आल्या आल्या ती पुन्हा तेच विचारणार. रविवारी सकाळीच मला कळलं होतं, एवढंच सांगायचं आहे. तुम्हाला ते लिहून झालं, बाई. तिला तोंडानं सांगायला मी अजून खुर्चीतून उठलेले नाही.