माइकच्या भोकातली गिटार

आप्पा,

काल दुपारी आईला तुमची गिटार ऐकवली. त्याआधी चार दिवस ती एकच म्हणत होती, "ही तुझी वाजतीय. त्यांची न्हाई." तुम्ही होतात तोवर तुमचं वाजवणं कुणी टेप करून ठेवलं नाही. आई आता थकलीय. तुमचा तो आवाज तिला एकदा ऐकवायचा, एवढाच माझा हट्ट. मोबाइलवर बघून बघून रेकॉर्डिंग शिकले, त्यासाठीची छोटी पेटी घेतली. गिटारीची पिन पेटीत, पेटीची वायर कॉम्प्युटरला. चाली तुमच्याच, बोटंही तुम्हीच वळवलेली. "तार हाय ती, म्हशीचं दावं न्हाई," म्हणून टिचकी मारायचात, ती अजून लागते. तरी आवाज आपटलेल्या पितळी ताटासारखा.

त्या पेटीवर इम्पीडन्सचं बटण आहे. पेटी गिटारीकडून किती ओढून घेणार, हे त्यावर ठरतं. सगळे सांगतात, बटण वर ठेवा. पेटी कमी ओढते, तार स्वच्छ वाजते. मीही वरच ठेवलेलं. काल सहज खाली आणत गेले. वासराला थेंब न ठेवता गाय पिळावी, तसा वरचा झणका आटत गेला आणि मागे उरला जाड, मऊ, घोंगडीत गुंडाळल्यासारखा आवाज. दारात लसूण सोलणाऱ्या आईचे हात थांबले. "आत्ता आले बघ," ती म्हणाली. "कवाचं जेवान निवलंय म्हणावं!"

मी हसले, आणि डोळ्यांपुढे तळेघरचं लग्न आलं. भजनी मंडळाचा मागून आणलेला अँप्लिफायर डोक्यावर घेऊन तुम्ही चढ चढताय, मागे मी गिटार घेऊन. मांडवात तुम्ही पिन सरळ माइकच्या भोकात खुपसता. मी विचारते, "आप्पा, ते गाणाऱ्याचं ना?"

"भोकाला काय कळतंय, पोरी? वाजतंय न्हवं?"

माइकचं भोक लई ओढतं, आप्पा, खाली आणलेल्या बटणासारखंच. गिटारीसाठी ते नसतंच. पण आपल्याकडे दुसरा अँप्लिफायर कधी आला नाही आणि तुम्ही जन्मभर त्याच भोकातून वाजवलंत. लोक म्हणायचे, यांच्या बोटांत लोणी आहे. काल आईने चाल परत लावायला सांगितली आणि डोळे मिटून तेच म्हणाली, "लोणी हाय, लोणी."

मी मान डोलावली. बटणाचं तिला सांगितलं नाही, सांगणारही नाही. हा कागद गिटारीच्या खोळीत तळाशी दडवून ठेवतेय. तिला वाचता येत नाही, तरीसुद्धा.