न आलेल्या लाटेचा खटला

दर्यापूर, एप्रिल २०१२

प्रिय प्रणाली,

सुमात्राजवळचा भूकंप होऊन, तुमच्या केंद्रातून तू त्सुनामीचा इशारा देऊन आठवडा उलटला, तरी आपल्या ओसरीवर तुझा खटला चालूच आहे. न्यायाधीश तुझे खुशालकाका. समुद्र त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलेला. "एवढा मोठा भूकंप, अन् लाट वीतभर नाही! पोरीनं सारा किनारा फुकट पळवला न बाप्पा!" येईल त्याला चहासोबत हेच. तू फोनवर समजावलं होतंस, ते मी सांगून पाहिलं: समुद्राचा तळ वर उचलला गेला तर पाणी उसळतं, या खेपेस तो आडवा सरकला. पण हे पाण्यातल्या यंत्रांचे आकडे आल्यावरच कळतं, आणि तोवर थांबलं तर माणसं जातात. म्हणून आधी इशारा, खात्री झाली की तो मागे. काका म्हणाले, "म्हंजे चुकलीच ना!" तुझे दादा हसले. काकांच्या विनोदाला हसणं हे त्यांचं मुख्य पीक आहे.

हेच काका बियाण्याच्या दुकानदाराच्या शब्दावर मृगाआधी धूळपेरणी करतात. गेल्या साली पाऊस आला नाही, सरकी मातीतच जळली, दुबार पेरावं लागलं. पण दुकानदार चुकला असं कोणी म्हणालं नाही. उलट सत्यनारायणाला त्याचं पान काकांच्या शेजारी.

माझा राग मी तपासून पाहिला. बी.एस्सी. होऊन मी इथे भाकरी थापते, म्हणून तुझ्या नोकरीसाठी माझा हट्ट आहे का? थोडा असेल. तो वजा केला तरी ही माणसं हलकीच भरतात.

तुझ्यासाठी आलेलं अकोल्याचं स्थळ, ते सरकीच्या ढेपेचे व्यापारी: त्यांना तू पसंत आहेस, तुझी नोकरी नाही. "एकदा साक्षगंध उरकलं की कुठं जाते ते?" असं काका म्हणाले. आई म्हणाल्या, "तिचं भलंच होईन."

फोनवर बोलताना दादा शेजारी असतात, म्हणून हे पत्र. शनिवारी तुला त्यांचा फोन येईल: आई सिरियस आहे, अमरावतीला दवाखान्यात नेलं, निघ. तू पोचलीस की दुसऱ्या दिवशी अकोल्याची मंडळी साखरपुड्याला दारात. आई ठणठणीत आहेत. आत्ता गच्चीवर त्याच पंगतीसाठी कुरडया घालताहेत. येऊ नकोस. खरंच कधी त्यांना काही झालं, तर फोन मी करीन. दुसऱ्या कुणाचा आला तर कामावरून उठू नकोस.

तुझीच,
सत्यभामा वहिनी